कापूर : एक नाम, अनेक द्रव्ये

१

जुन्या वैद्यकग्रंथाची किंवा व्यापारी कागदांची संहिता संपादिताना शब्दसूचीत काही नोंदी अशा येतात, की त्यांच्यापुढे अर्थ लिहिण्यास संपादकाला क्षणभरही थांबावे लागत नाही. ‘कर्पूर’ ही अशीच एक नोंद. तिच्यापुढे ‘कापूर’ एवढे लिहिले की काम संपले, असे वाटते. प्रस्तुत लेखकानेही एका वैद्यकीय हस्तलिखिताच्या सूचीत ही नोंद अशीच केली होती. पुढे औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने त्या सूचीवर विसंबून, पोटात घेण्याच्या एका योगात बाजारातील कापूर किती घालावा, अशी पृच्छा केली. तेव्हा त्या एका शब्दाच्या नोंदीत केवढा धोका दडला होता हे ध्यानात आले. देवापुढे जाळावयाचा बाजारी कापूर पोटात गेल्यास आकडी येऊ शकते आणि लहान मुलांना त्याची अल्प मात्राही घातक ठरते. मूळ ग्रंथकाराला हेच द्रव्य अभिप्रेत होते काय, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या आधी सूचिकाराने विचारावयास हवा होता.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती आले ते ह्या निबंधात मांडले आहे. त्याचा निष्कर्ष आरंभीच सांगणे बरे. ‘कापूर’ हा शब्द आपल्याकडे निदान दोन हजार वर्षांच्या आसपास अखंड चालत आला आहे. परंतु त्या शब्दाने दाखविलेले द्रव्य अखंड नाही. ते किमान दोनदा पालटले, आणि पालटताना नाव मात्र जसेच्या तसे राहिले. शब्दाच्या अखंडतेवरून वस्तूची अखंडता गृहीत धरणे ही इतिहासलेखनातील एक नित्याची चूक आहे. कापराच्या उदाहरणात ती विशेष स्पष्ट दिसते.

२

प्रथम द्रव्यांचा विचार करू. ज्यांना ‘कापूर’ हे नाव मिळाले असे वनस्पतिज पदार्थ मुख्यतः तीन आहेत. पहिला सुमात्रा, बोर्निओ व मलाया द्वीपकल्प येथील ड्रायोबॅलानॉप्स ॲरोमॅटिका ह्या प्रचंड वृक्षापासून मिळतो. हा वृक्ष सालाच्या, म्हणजे आपल्या शाल वृक्षाच्या कुळातील. जुन्या खोडांच्या भेगांत आणि पोकळ्यांत पांढरे स्फटिक आपोआप साठतात. झाड पाडून, ओंडके चिरून ते खरवडून काढावे लागतात. प्रत्येक झाडात ते सापडतातच असे नाही. कित्येक झाडे पाडावी तेव्हा एखाद्यात काही हाती लागते. रसायनशास्त्रात ह्या द्रव्याला बोर्निओल म्हणतात.

दुसरे द्रव्य दक्षिण चीन, तैवान आणि जपान येथील सिनॅमोमम कॅम्फोरा ह्या वृक्षाचे. हा दालचिनीच्या कुळातील वृक्ष. त्याच्या लाकडाचे तुकडे पाण्याच्या वाफेवर तापवून, वर चढणारी वाफ निववून कापूर मिळवितात. आजच्या रसायनशास्त्रात कापूर ही संज्ञा ह्याच द्रव्याला आहे. तिसरे द्रव्य ब्लुमिया बाल्सामिफेरा ह्या झुडुपाच्या पानांपासून निघते. तेही बोर्निओलच, परंतु प्रकाशाचे प्रतल उलट दिशेस वळविणारे. त्याचा व्यापार मुख्यतः चीनकडे राहिल्यामुळे आपल्या विवेचनात त्याला फारसे स्थान नाही.

पहिली दोन द्रव्ये रचनेने एकमेकांस अगदी जवळची आहेत. बोर्निओलच्या रेणूत चीनच्या कापरापेक्षा हायड्रोजनचे दोन अणू अधिक, एवढाच भेद. आणि एकापासून दुसरे प्रयोगशाळेत बनविता येते. दोन्ही शुभ्र, दोन्ही सुगंधी, दोन्ही ज्वालाग्राही. तरीही जाणत्या व्यापाऱ्याला ती सहज ओळखू येत. बोर्निओलचा स्फटिक पाण्यात बुडतो, चिनी कापूर तरंगतो. बोर्निओल हवेत सावकाश उडते, कापूर त्याहून लवकर उडतो. आपल्या घरांतून कापराच्या डबीत मिऱ्याचे दाणे किंवा लवंगा टाकून ठेवण्याची चाल आहे, आणि एखादी वस्तू नकळत नाहीशी झाली म्हणजे ती ‘कापरासारखी उडाली’ असे आपण म्हणतो. ती चाल आणि तो वाक्प्रचार ह्यांना दुसऱ्या द्रव्याची प्रकृती अधिक जुळते.

३

आता शब्दाचा विचार. मराठी ‘कापूर’ हे रूप ध्वनिदृष्ट्या पूर्णपणे नियमित आहे. प्राकृत ‘कप्पूर’ ह्यातील जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला. ‘सर्प, सप्प, साप’ किंवा ‘कर्पट, कप्पड, कापड’ ह्या मालिकांत जे घडले तेच येथे घडले आहे. ‘कापूस, कापसाचा’ ह्याप्रमाणेच ‘कापूर, कापराचा’ असे सामान्यरूप होते. प्राकृत रूपाचा ठळक दाखला म्हणजे राजशेखराचे ‘कर्पूरमंजरी’ हे इ. स. ९०० च्या सुमाराचे सट्टक. सर्वस्वी प्राकृतात रचलेल्या त्या कृतीत नायिकेच्या नावाचे रूप ‘कप्पूरमंजरी’ असेच आहे.

तथापि ‘कर्पूर’ ह्या संस्कृत रूपाची व्युत्पत्ती संस्कृत धातूंपासून लावण्याचे प्रयत्न समाधानकारक नाहीत, आणि द्रव्याच्या जन्मभूमीकडे पाहता ते साहजिकच आहे. जो वृक्ष भारतात उगवत नाही त्याच्या स्फटिकाचे नाव भारतात उपजले असण्याचा संभव कमी. मलायी भाषेत ‘कापुर’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ चुना. ह्या शब्दाची भावंडे मलायो-पॉलिनेशियन कुळातील दूरदूरच्या भाषांत चुना ह्याच अर्थाने आढळतात. द्रव्य दाखवावयाचे असता मलायीत ‘कापुर बारुस’, म्हणजे बारुस बंदराचा चुना, असे म्हणतात. पांढऱ्या भुकटीला चुन्याचे नाव मिळावे हे स्वाभाविकच होय.

मग संस्कृतातील रेफ कोठून आला? एक मत असे, की मूळ शब्द प्राकृत बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘कप्पूर’ झाला, आणि ‘सप्प’चे ‘सर्प’ होते त्याच न्यायाने पंडितांनी ‘कप्पूर’चे ‘कर्पूर’ केले. दुसरे मत त्या रेफात आग्नेय आशियातील भाषांचा जुना उपसर्ग पाहते. ‘कर्पास’ ह्या शब्दाविषयीही अशीच चर्चा झाली आहे. दोहोंपैकी पहिले मत प्रस्तुत लेखकास अधिक ग्राह्य वाटते. परंतु आपल्या मुद्द्यापुरते एवढे पुरे, की शब्द समुद्रमार्गाने आला आणि येताना एका विशिष्ट बंदराचे द्रव्य घेऊन आला.

ज्या अरण्यातून हा शब्द जगभर गेला, त्याच अरण्यात तो उच्चारण्यास मनाई होती, ही गोष्ट भाषाभ्यासकाने विसरू नये. मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाकडील जाकुन लोक कापराच्या शोधार्थ रानात शिरले म्हणजे नेहमीची भाषा टाकून एक निराळी ‘कापूरभाषा’ बोलत. स्कीट आणि ब्लॅग्डेन ह्यांच्या १९०६ च्या ग्रंथात तिची शब्दसंपदा संकलित केलेली आहे. तांदळाला ‘गवताचे फळ’, बंदुकीला ‘दूरवर वाजणारी’ अशी त्या भाषेची धाटणी. नाव घेतले तर झाडातील स्फटिक नाहीसे होतात, अशी त्यांची श्रद्धा होती. आपल्या तोंडी इतका सुलभ झालेला शब्द ज्यांच्या श्रमामुळे आपल्यापर्यंत आला, ते लोक कामाच्या वेळी तो ओठांवरही आणीत नसत.

४

बारुस हे सुमात्राच्या वायव्य किनाऱ्यावरील बंदर. टॉलेमीच्या दुसऱ्या शतकातील भूगोलात ‘बारूसाइ’ द्वीपांचा उल्लेख आहे. बारुसजवळील लोबू तुआ येथे शके १०१०, म्हणजे इ. स. १०८८, चा एक तमिळ शिलालेख सापडला आहे. तो ‘हजार दिशांच्या पाचशे’ ह्या वणिक्संघाचा आहे. दख्खनच्या लेखांत ‘अय्यावोळेचे पाचशे’ म्हणून जो संघ येतो तोच हा. अय्यावोळे म्हणजे ऐहोळे. विसाव्या शतकाच्या अखेरीस लोबू तुआ येथे फ्रेंच आणि इंडोनेशियन संशोधकांनी केलेल्या उत्खननातूनही त्या वसाहतीच्या दूरदूरच्या व्यापारसंबंधांवर पुष्कळ प्रकाश पडला. आपल्या किनाऱ्यावरही समुद्रपार व्यापाराचे पुरावे आहेत. शिलाहार रट्टराजाच्या शके ९३० (इ. स. १००८) च्या खारेपाटण ताम्रपटात द्वीपांतरांहून येणाऱ्या जहाजांवर सोन्याच्या गद्याणाची आकारणी सांगितली आहे. त्या जहाजांत कोणता माल होता हे ताम्रपट सांगत नाही. परंतु ज्या वाटांनी कापूर पश्चिमेस जात असे त्या वाटांवर कोकणची बंदरे होती, एवढे त्यावरून दिसते.

पश्चिमेकडे हा शब्द पेहलवीत ‘कापूर’ आणि अरबीत ‘काफूर’ झाला. कुराणाच्या ७६ व्या सूऱ्यात तो आहे. इ. स. ६३७ मध्ये सासानी राजधानी मदाइन अरबांच्या हाती पडली, तेव्हा तेथील भांडारातील कापूर सैनिकांनी मीठ समजून अन्नात घातला, अशी कथा अरब इतिहासकार सांगतात. शब्द धर्मग्रंथात येऊन बसला होता, तरी वस्तू ओळखीची नव्हती. पुढे अरबांनी बारुसला ‘फन्सूर’ म्हटले आणि तेथील उत्तम कापराला ‘फन्सूरी’. मार्को पोलोनेही फन्सूरचा कापूर सोन्याच्या भारोभार विकला जातो असे लिहून ठेवले आहे. फारसी वैद्यकात मात्र हेच विशेषण ‘कैसूरी’ असे आढळते, आणि ‘आईन-इ-अकबरी’तही उत्तम कापराला हेच नाव आहे. कैसूर नावाचा देश शोधण्याचे कारण नाही. अरबी लिपीत ‘फ’ आणि ‘क’, तसेच ‘न’ आणि ‘य’, ही अक्षरे शब्दाच्या आत केवळ टिंबांनी वेगळी होतात. लेखकाच्या लेखणीतून टिंबे इकडची तिकडे झाली आणि एका बंदराचे नाव पुसून गेले.

अशीच एक दिशाभूल ह्युएनत्संगाच्या वृत्तांतात आहे. इ. स. ६४६ च्या त्या ग्रंथात दक्षिणेतील मलकूट देशाच्या वर्णनात तो कापराच्या वृक्षाची हकिकत देतो. लाकूड ओले असता वास नाही, वाळल्यावर चिरले की आत अभ्रकासारखा, बर्फाच्या रंगाचा पदार्थ मिळतो, असे तो सांगतो. हे वर्णन ड्रायोबॅलानॉप्सचे आहे ह्यात शंका नाही. आणि तो वृक्ष दक्षिण भारतात नाही ह्यातही नाही. जेथे माल उतरतो तेच त्याचे जन्मस्थान, असे प्रवाशाला सांगण्यात आले आणि त्याने ते प्रामाणिकपणे नोंदविले. त्याने केलेल्या शब्दाच्या चिनी लिप्यंतरात मात्र रेफाची खूण दिसते. म्हणजे सातव्या शतकात पंडितांच्या तोंडी ‘कर्पूर’ हे रूप स्थिर झालेले होते.

५

आपले वैद्यकग्रंथ ह्या दृष्टीने वाचले असता एक क्रम दिसतो. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात मुखशुद्धीच्या द्रव्यांत जातीफळ, लवंग, कंकोल ह्यांच्या बरोबर ‘कर्पूरनिर्यास’ येतो. निर्यास म्हणजे झाडातून पाझरणारा पदार्थ. वाफेवर शिजवून काढलेल्या द्रव्याला हा शब्द लागू पडत नाही. खोडात आपोआप साठणाऱ्या स्फटिकाला लागू पडतो. चरकाचा कर्पूर हा बारुसचा कर्पूर, असे मानण्यास हा शब्द महत्त्वाचा आधार आहे.

सोळाव्या शतकात येऊन पोहोचले की चित्र पालटलेले दिसते. भावमिश्राच्या भावप्रकाशात कर्पूर ‘पक्व’ आणि ‘अपक्व’ असा दोन प्रकारचा सांगून अपक्व अधिक गुणवान ठरविला आहे, आणि ‘चीनाक’ नावाच्या कर्पुराचे गुण वेगळे दिले आहेत. पक्व म्हणजे अग्निसंस्काराने मिळविलेला, अपक्व म्हणजे झाडातून जसाच्या तसा काढलेला. त्याच शतकाच्या अखेरीस चीनमध्ये ली शिझेनच्या औषधिग्रंथात लाकडापासून कापूर काढण्याची कृती येते, आणि चिनी भाषा तर ह्या दोन द्रव्यांना आरंभापासून दोन नावांनी ओळखते. एका नावाखाली दोन द्रव्ये आली आहेत, ही जाणीव भारतीय वैद्यांना होती. त्यांनी ती विशेषणांच्या द्वारे जपली. तमिळमध्ये खाण्याच्या कापराला आजही ‘पच्चै कर्पूरम्’ म्हणतात. ‘पच्चै’ ह्याचा अर्थ हिरवा असा घेऊन, पांढऱ्या द्रव्याला हिरवा का म्हणतात, असा प्रश्न केला जातो. परंतु ‘पच्चै’ म्हणजे कच्चा असाही अर्थ आहे. तो भावमिश्राच्या ‘अपक्व’चा प्रतिशब्दच होय.

विशेषणे टिकली, पण त्यांचे अर्थ पुसट झाले. राजनिघंटूत कर्पुराचे शिर, मध्य आणि तल असे तीन भेद सांगितले आहेत आणि ते झाडाच्या निरनिराळ्या भागांशी जोडले आहेत. मलायी व्यापारात ह्याच मालाच्या प्रतींना मस्तक, पोट आणि पाय ह्या अर्थाचे शब्द होते. मोठे स्फटिक ते मस्तक, चुरा तो पाय. भेद चाळणीने ठरत असे, झाडाच्या अवयवाने नव्हे. निघंटुकारापर्यंत व्यापाऱ्यांची संज्ञा पोहोचली, चाळणी पोहोचली नाही. म्हणून त्याने संज्ञेचा अर्थ वृक्षात शोधला, असे अनुमान करण्यास हरकत दिसत नाही. मलायीतील मस्तकवाचक ‘कपाल’ हा शब्द संस्कृतातूनच तिकडे गेलेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही देवघेव किती गुंतागुंतीची होती ते कळते.

‘भीमसेनी’ हे विशेषणही असेच. राजनिघंटूत ‘भीमसेन’ हा कर्पुराचा एक प्रकार आहे, आणि अकबराच्या काळच्या भावांच्या यादीत ‘भीमसेनी’ येतो. गुजरातीत पूजेच्या उत्तम कापराला ‘बरास’ म्हणतात. तो ‘बारुस’चाच अवशेष. ‘बरास’ ह्या शब्दात बंदर जिवंत राहिले, ‘भीमसेनी’त ते राहिले नाही, आपल्याकडे दुसरा शब्द रूढ झाला आणि द्रव्याचा पत्ता हरवला.

६

दोन्ही द्रव्यांची समोरासमोर तुलना करणारा सर्वांत स्पष्ट साक्षीदार गोव्याचा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात स्थायिक झालेला. भारतातील औषधिद्रव्यांवरील त्याचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. बोर्निओचा कापूर आणि चीनचा कापूर ही दोन निराळी द्रव्ये असून त्यांच्या किमतींत सुमारे शंभरपटीचे अंतर आहे, असे तो सांगतो. व्यापारी बोर्निओचा माल चाळून मस्तक, छाती, पाय आणि पाऊल अशा प्रती लावतात, हेही त्याने नोंदविले आहे. चाळणीचा जो धागा राजनिघंटूत सुटला होता तो येथे पुन्हा सापडतो.

हे किमतीचे अंतर सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त राजाच्या तांबूलभोगात कर्पूर येतो; तेथे मूल्यवान द्रव्य शोभून दिसते. ज्ञानेश्वरीपासून संतवाङ्मयात अग्नीला मिळालेल्या कापराचे दृष्टान्त आहेत. म्हणजे कापूर जळताना पाहिलेला श्रोता तेराव्या शतकात होता. परंतु देवळात राजाश्रयाने जळणारा कापूर वेगळा आणि घरोघर रोज सायंकाळी जळणारा कापूर वेगळा. भारोभार सोन्याच्या द्रव्याची वडी सामान्य कुटुंबाच्या निरांजनात रोज पडली असेल, हे संभवत नाही. घरगुती कापूरारतीचा प्रसार स्वस्त, पक्व कापराच्या प्रसाराबरोबर झाला असावा, असे वाटते. नावात हा बदल कोठेच नोंदला गेला नाही. विधी मात्र त्यामुळेच सर्वांच्या आवाक्यात आला.

७

दुसरे परिवर्तन आपल्या जवळच्या काळातले. एकोणिसाव्या शतकात चिनी जातीचा कापूर ही आंतरराष्ट्रीय महत्त्वाची वस्तू झाली. तैवानमधील कापराच्या मक्तेदारीवरून १८६८ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी बळाचा वापर केला. १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायटने नायट्रोसेल्युलोज आणि कापूर ह्यांच्या मिश्रणापासून सेल्युलॉइड तयार केले आणि मागणी एकदम वाढली. तैवान जपानकडे गेल्यावर १८९९ मध्ये तेथे सरकारी मक्ता स्थापन झाला. त्या काळच्या चित्रपटांची फीतही कापूर मिसळलेल्या सेल्युलॉइडचीच असे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या जातीच्या फितीवर उतरविला तिच्या घडणीत हेच द्रव्य होते.

मक्त्यामुळे किंमत चढली आणि रसायनशास्त्रज्ञ पर्यायाच्या शोधास लागले. १९०३ मध्ये फिनलंडच्या कोम्पाने कापराचे पूर्ण संश्लेषण केले. व्यापारात मात्र स्वस्त पडली ती टर्पेंटाइनची वाट. चीड वृक्षाच्या राळेतून निघणाऱ्या तेलातील पायनीन हे द्रव्य क्रमाने पालटून कापूर बनविता येतो. भारतातही १९६० नंतरच्या दशकात ह्या पद्धतीचे उत्पादन सुरू झाले. नैसर्गिक कापूर प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवितो. अशा रीतीने बनविलेला बहुधा कोणत्याच बाजूस वळवीत नाही. एवढा सूक्ष्म फरक वगळता तो तोच रेणू आहे. तेव्हा आज आपण आरतीत लावतो तो कापूर बव्हंशी ना बारुसच्या वृक्षाचा, ना तैवानच्या. तो चीडच्या राळेचा दूरचा वंशज आहे. बाजारात ‘भीमसेनी’ ह्या नावाने जे मिळते त्याचा उगमही केवळ नावावरून ठरविता येत नाही.

८

ह्या सर्व विवेचनातून संपादकाने आणि इतिहासकाराने काय घ्यावे? ‘कर्पूर’ हा शब्द भेटताच त्याने चार गोष्टी पाहाव्या. शब्दाला विशेषण कोणते जोडले आहे; द्रव्य मिळविण्याची कोणती प्रक्रिया सूचित होते; ते कोणत्या मापाने आणि कोणत्या मोलाने दिले आहे; आणि त्याचा उपयोग खाण्यात, लेपात की जाळण्यात सांगितला आहे. चारही ठिकाणी उत्तर मिळाले नाही, तर सूचीत ‘कापूर’ असे न लिहिता ‘कर्पूर, द्रव्य अनिश्चित’ असे लिहावे. ह्यात पांडित्याला उणेपणा येत नाही. बोर्निओलही निरुपद्रवी आहे असे येथे सुचवावयाचे नाही. जुन्या योगातील द्रव्य कोणते हे ठाऊक नसता त्याची मात्रा सांगणे अयोग्य, एवढेच म्हणणे आहे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही ह्यात एक इशारा आहे. ध्वनिपरिवर्तनाचे नियम आपल्याला ‘कप्पूर’पासून ‘कापूर’पर्यंत निर्धास्तपणे आणून सोडतात, आणि त्या वाटचालीत कोठेही खंड पडत नाही, म्हणूनच वस्तूही त्याच वाटेने आली असावी असा भास होतो. परंतु ध्वनीचे नियम वस्तूंना बांधून ठेवीत नाहीत. कापूरकचरीच्या गड्ड्यात किंवा कपुरी पानात कापूर घातलेला नसतो. तेथे नाव केवळ गंधाच्या साम्यावर गेले आहे. मूळ शब्दही चुन्यावरून केवळ शुभ्रतेच्या साम्यावर आला होता. शब्दसूचीतील त्या जुन्या नोंदीची दुरुस्ती प्रस्तुत लेखकाने आता केली आहे. तो योग मुखशुद्धीचा असून त्यात ‘अपक्व’ हे विशेषण स्पष्ट होते; पहिल्या वाचनात ते विशेषण केवळ प्रशंसापर समजून सोडून दिले गेले होते.